बोलके सांधे, मुके सांधे

जुनी गाडी ठेवणाऱ्याला लोक ठरलेले तीन प्रश्न विचारतात. अ‍ॅव्हरेज किती देते, इंजिन कधी खोललं होतं आणि टायर कितपत राहिलेत. स्टीअरिंगचं कुणी विचारत नाही. इंजिन बसलं की गाडी रस्त्यात उभी राहते, भाडं बुडतं, मंडीतला व्यापारी फोनवर फोन करतो, सगळ्यांना कळतं. स्टीअरिंग असा बोभाटा करत नाही. ते रोज थोडं ढिलं होतं आणि ड्रायव्हर रोज थोडं सांभाळून घेतो. अशी वर्षं निघून जातात.

आमची गाडी म्हणजे सहा चाकी ट्रक, २०१० चं मॉडेल, साध्या स्टीअरिंगची, म्हणजे पॉवर नसलेल्या. माळव्यातला बटाटा, लसूण भरून इंदूरहून खाली धुळे-नाशिककडे जाते आणि येताना मिळेल तो माल आणते. हप्ते केव्हाच फिटलेत. ज्यांच्या गाड्यांवर कर्ज आहे त्यांना या वाक्याची किंमत कळेल. महिन्याच्या पाच तारखेला पोटात गोळा येत नाही, हीच तिची खरी कमाई. त्यामुळे ती विकायची नाही, यावर घरात कधी वाद झाला नाही. वाद झाला तो तिच्यावर किती खर्च करायचा यावर.

घरात दोन पक्ष होते. काका म्हणणार, "चालून राहिली ना? मग खोलतोस कशाला? खोललं की वाढतं." काकांची उमेदवारी टाटा-मर्सिडीजवर झाली. टाटांचा जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १९५४ मध्ये सुरू झालेला करार १९६९ मध्ये संपला, बॉनेटवरचा मर्सिडीजचा तारा गेला, पण गाड्या पुढे कित्येक वर्षं आग्रा रोडवर धावत होत्या आणि त्यांना जिवंत ठेवणारी माणसं काकांच्या वयाची होती. त्या पिढीला नवा पार्ट म्हणजे शेवटचा उपाय. दुसरा पक्ष काकांचाच मुलगा. तो पीथमपूरला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. त्याचं म्हणणं, "दादा, पुढचं सगळंच बदलून टाक. बॉक्स, लिंक, टाय रॉड, किंग पिन, जमलं तर बीमसुद्धा. जुन्याला जुनं जोडत बसण्यात अर्थ नाही." बॉक्स म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याखालची दात्यांची पेटी, लिंक म्हणजे तिची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा (ड्रॅग लिंक), टाय रॉड पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडतो, किंग पिन ही चाक वळतं ती उभी पिन, आणि बीम म्हणजे पुढची धुरी. भावाचा हिशेब कागदावर बरोबर असतो. कारखान्यात शंका आलेला तुकडा बाजूच्या लाल पेटीत टाकतात, तिथे कुणी त्याच्याशी चर्चा करत बसत नाही.

गाडी माझ्या नावावर आहे, तेव्हा निकाल मला द्यायचा होता.

निमित्त झालं ते भगोरियाचं. आमचा ड्रायव्हर निमाडातला, होळीच्या आधीच्या त्या हाटांच्या दिवसांत तो गावी जाणार म्हणजे जाणारच. बदलीवर एक तरुण मुलगा आला. चांगला चालवणारा, नव्या गाड्यांवर हात बसलेला. तो भरलेली गाडी मानपूरच्या अलीकडूनच परत घेऊन आला. रागावला नव्हता, घाबरला होता. म्हणाला, "भिया, मैं इधर मोड़ता हूँ, गाडी सोचके मुड़ती है."

आमचा ड्रायव्हर परत आल्यावर त्याला विचारलं तर त्याला आश्चर्य वाटलं. त्याच्या मते गाडीत काहीही दोष नव्हता. तो खोटं बोलत नव्हता. कॅबिनमध्ये त्याच्या शेजारी बसून पाहिलं तर सरळ रस्त्यावरही त्याचे हात सतत हलत होते, डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, आणि त्याचा त्याला पत्ताही नव्हता. स्टीअरिंगचा खेळ, म्हणजे चाकं वळायला लागण्याआधीची मोकळी हालचाल, इतक्या हळू वाढला होता की हातांनी तो शिकून घेतला होता. जुन्या गाडीच्या स्टीअरिंगबद्दल सगळ्यात कमी भरवशाची साक्ष तिच्या जुन्या ड्रायव्हरची, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. वर्षातून एकदा तरी दुसऱ्याच्या हातात गाडी देऊन त्याला विचारावं.

आता खेळ किती चालतो? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम याचं उत्तर देतो. स्टीअरिंग चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त मोकळा खेळ नसावा, लिंकेजच्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात, आणि जिथे बोल्ट किंवा पिना आहेत तिथे त्या नीट लॉक केलेल्या असाव्यात. ३० अंश म्हणजे पूर्ण फेऱ्याचा बारावा हिस्सा. ऐकायला काही वाटत नाही. पण ५० सेंटीमीटर व्यासाच्या स्टीअरिंग चाकाच्या कडेवर तो मोजला तर १३ सेंटीमीटर भरतो, चांगले पाच इंच. बॉक्सचं गुणोत्तर ढोबळपणे वीसास एक धरलं तर तेवढ्या खेळात पुढची चाकं दीड अंश स्वतःच्या मर्जीने वळू शकतात. दीड अंश वाकडी निघालेली गाडी १०० मीटरवर अडीच मीटरहून जास्त बाजूला गेलेली असते. महामार्गाची एक लेन साडेतीन मीटरची. म्हणजे कायद्याच्या काठावरची गाडी पास होते खरी, पण तिच्या शेजारून मोटारसायकलवर जायला मला आवडणार नाही.

आमचे उस्ताद कायद्याहून कडक. त्यांचं माप दोन बोटांचं. स्टीअरिंगच्या कडेवर दोन बोटं ठेवायची, चाक हलवायचं, आणि बोटांच्या रुंदीत टायर हलायला लागला पाहिजे. आमच्या गाडीचा टायर चौथ्या बोटालाही हलला नाही.

उस्तादांचं गॅरेज म्हणजे ट्रान्सपोर्ट नगरातली पत्र्याची शेड, तेलाने काळी झालेली जमीन आणि एक मोठा व्हाइस. त्यांनी बॉक्सकडे पाहिलंसुद्धा नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण खेळ दिसला की दहातले नऊ मालक बॉक्सवर बोट ठेवतात आणि बाजारात नवा बॉक्स विचारायला निघतात. पुढच्या धुरीपासून वरपर्यंत कुठलाही सांधा झिजला तरी त्याची बेरीज अखेर स्टीअरिंग चाकावरच दिसते, आणि हाताला सगळ्यात जवळ बॉक्स असतो, म्हणून आळ त्याच्यावर. सगळ्यात महाग वस्तूही तीच. उस्तादांचा क्रम उलटा: आधी जमिनीजवळचं, मग वरचं, बॉक्स सगळ्यात शेवटी.

पहिल्या तपासणीला दोन माणसं लागतात, मशीन लागत नाही. चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकाने कॅबिनमध्ये बसून स्टीअरिंग नुसतं खेळापुरतं डावं-उजवं करत राहायचं. दुसऱ्याने गाडीखाली पडून एकेक सांधा मुठीत धरायचा, असा की सांध्याचे दोन्ही भाग तळव्याखाली येतील. उस्तादांनी मलाच खाली घातलं. माझा हात धरून ड्रॅग लिंकच्या पुढच्या टोकावर ठेवला. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं, गंजलेला, मातीने माखलेला गोळा. पण वर चाक हललं तशी तळव्याखाली एक बारीक टकटक लागली. एक भाग निघायचा, दुसरा जरा थांबून निघायचा. पुढच्या सांध्यावर हात ठेवला तर दोन्ही भाग एकत्र हलत होते, टकटक नाही. तिसऱ्यावर पुन्हा लागली. त्या टाय रॉडच्या टोकाची रबरी टोपी फाटलेली होती आणि आतलं ग्रीस धुळीत मिसळून सुकलं होतं. टोपीची किंमत चहा-पोह्याच्या नाश्त्याएवढी. ती फाटली की आत पाणी आणि खडी जाते, आणि सांध्याचं आयुष्य तिथून मोजायला लागायचं. नियमात रबरी टोप्यांचा उल्लेख उगाच नाही.

मग जॅक. पुढची धुरी उचलून टायर वर-खाली धरला आणि आत-बाहेर हलवला. खेळ होता. पण हा खेळ हबच्या बेअरिंगचा की किंग पिनचा? इथे उस्तादांनी केलेली युक्ती ज्याच्याकडे गाडी आहे त्याने शिकून ठेवावी. हेल्परला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि टायर पुन्हा हलवला. ब्रेक दाबला की ड्रम आणि स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर बसतं तो आखूड दांडा) एक होतात, मधलं बेअरिंग हिशेबातून जातं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला असता तर दोष बेअरिंगचा, नट आवळून भागलं असतं. आमचा खेळ तसाच राहिला. म्हणजे किंग पिन. दोन्ही बाजूंच्या.

पुढचे टायर खरं तर हे कधीपासून सांगत होते. टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत जायचा आणि उलट आणला की कडांची धार लागायची. चाकं नीट समांतर धावत नसली, रस्त्यावर थोडी घासत चालली, की रबर असं झिजतं. टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या टोकाला एकमेकांकडे किंचित वळलेली असणं, थोड्याच मिलीमीटरचं आणि कायम तेवढंच असावं लागतं. सांधेच ढिले असतील तर ते आज एक, उद्या दुसरं. अलाइनमेंटवाल्याकडे आम्ही गाडी नेतच होतो. पण ढिल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट त्याच्या गेटबाहेरच्या पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतं.

एवढं झाल्यावर मी उस्तादांना घरातला प्रश्न विचारला. दुरुस्त करू की बदलू?

त्यांनी जे सांगितलं त्यावर मी पुढे बराच विचार केला. ते म्हणाले, "जो पुर्ज़ा बोलके घिसता है, उसको ठीक करो. जो चुपचाप टूटता है, उसको बदलो. नया-पुराना मत देखो."

किंग पिनचा बुश बोलका. तो झिजतो तसा सांगत जातो. आधी टायर खातो, मग खड्ड्यात ठकठक करतो, मग ब्रेक मारताना चाक थरथरतं. तो एका दिवसात धोका देत नाही. आणि झिजावा यासाठीच तो बनवलेला असतो. पिन आणि स्टब अ‍ॅक्सल दोघांच्या मधे मऊ धातूचा बुश घालतात तो एवढ्यासाठीच, की झीज त्याने घ्यावी आणि महागाचे दोघे वाचावेत. तिथे दुरुस्ती म्हणजे कंजुषी नाही, बनवणाऱ्याच्या मनात होतं तेच करणं. किट आणलं: पिना, बुश, थ्रस्ट बेअरिंग, शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या), कॉटर (पिन पक्की करणारी पाचर). जुने बुश ठोकून काढले, नवे दाबून बसवले, बसवताना बुशातलं भोक ग्रीसच्या निपलसमोर आलं की नाही ते पाहिलं. हे पाहिलं नाही तर वरून कितीही ग्रीस मारा, आत कोरडंच. मग स्टब अ‍ॅक्सल लेथवाल्याकडे गेले. बुश बसल्यावर आत रीमर, म्हणजे भोक मापात आणणारं हत्यार, फिरवावा लागतो, आणि तोही लांब, वरच्या बुशातून खालच्या बुशात एका रेषेत उतरणारा. वेगवेगळे रीम केले तर दोन्ही भोकं आपापल्या जागी बरोबर आणि मिळून चूक.

परत आल्यावर उस्तादांनी पिनला तेल लावलं आणि अंगठ्याने दाबली. ती सावकाश, सारख्या गतीने आत उतरली. धपकन पडली असती तर ढिली, हातोडा घ्यावा लागला असता तर घट्ट. या एका क्षणासाठी मी लेथवाल्याने मागितले तेवढे पैसे दिले. एरवी देत नाही.

बीमचा प्रश्न होता. किंग पिन बीमच्या डोळ्यात कॉटरने पक्की बसलेली असते, तिच्याभोवती फिरतो तो फक्त बुश. कॉटर ढिला होऊन पिन बीममध्येच फिरायला लागली की ती डोळा खाते, भोक लांबट होतं. मग ओव्हरसाइज पिन घाला, स्लीव्ह घाला, नाहीतर बीम बदला. याच शेडमध्ये मी एका दुसऱ्या गाडीची पिन निघताना पाहिली. तिच्याभोवती कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा गुंडाळलेला होता, त्यावरची लाल अक्षरंसुद्धा वाचता येत होती. कुणीतरी कधीतरी घाईत ते करून दिलं असणार आणि गाडी गेली असणार, कदाचित बरीच वर्षं. आमच्या बीमचे डोळे गोल निघाले, पिन तिथे घट्ट बसली. चुलत भावाला फोन करून सांगितलं की बीम बदलणार नाही. तो म्हणाला, "मोजलंस का?" बोअर गेजने मोजलं होतं, तेव्हा गप्प बसला.

मुका भाग मात्र वेगळाच निघाला. बॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टवर जो ड्रॉप आर्म बसतो, तो दिसायला गाडीतला सगळ्यात दणकट तुकडा. फोर्जिंग केलेलं जाड लोखंड. झिजण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून कुणी पाहत नाही. तो खेळ देत नाही, आवाज करत नाही, टायर खात नाही. पण तो तुटला तर हातात स्टीअरिंग राहतं आणि चाकांशी त्याचं काही नातं राहत नाही. ब्रेक गेला तर गिअर आहे, हँडब्रेक आहे, डोंगराची बाजू आहे. इथे त्यातलं काही उपयोगाचं नाही.

उस्तादांनी तो पुलर लावून काढला. हातोड्याने काढणारे पुष्कळ आहेत, त्यांचा प्रत्येक घाव आतल्या बेअरिंगवर जातो. आर्म घासून, धुऊन स्वच्छ केला, रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, काढून कोरड्या फडक्याने चांगला पुसला, आणि मग शेडच्या मागे राहणाऱ्या कुणाच्या तरी पोराच्या दप्तरातला पांढरा खडू मागवून त्याची भुकटी आर्मवर फासली. आम्ही चहा घेतला. परत येऊन पाहिलं तर स्प्लाइनच्या (शाफ्टवर अडकणाऱ्या खाचांच्या) डोळ्याजवळ, जिथे आर्म बारीक होत जातो, त्या पांढऱ्या पट्ट्यावर केसाएवढी एक ओली रेघ उमटलेली होती. तडा असेल तर त्यात रॉकेल शिरतं, पुसल्यावरही आत राहतं, आणि खडू ते बाहेर ओढतो. मी नखाने ती रेघ पुसली, पुन्हा भुकटी लावली. पुन्हा तिथेच आली.

काका त्या दिवशी माझ्याबरोबर होते. माणूस एरवी बोलून ऐकणारा नाही. त्यांनी आर्म हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि म्हणाले, "बरं. हा बदल." वेल्डिंग करून घ्यावं असं त्यांनीही सुचवलं नाही. ट्रकच्या जगात वेल्डिंग होत नाही अशी गोष्ट शोधावी लागते, चेसिसपासून सायलेन्सरपर्यंत सगळं जोडलं जातं. पण स्टीअरिंगच्या फोर्ज केलेल्या तुकड्याला वेल्डिंगची आच लागली की त्याच्या धातूला दिलेलं उष्णतेचं संस्करण तिथल्यापुरतं बिघडतं, आणि नवा तडा वेल्डच्या शेजारूनच निघतो. जुन्या लोकांना यामागचं शास्त्र माहीत नसेल, परिणाम पाहिलेले असतात.

आर्म बदलायचा म्हणजे तो ज्या शाफ्टवर बसतो तोही पाहायचा. त्याच्या स्प्लाइनच्या रेषा टॉर्चच्या उजेडात सरळ दिसल्या पाहिजेत. कधी गाडी फुटपाथला आदळली असेल, खड्ड्यात पूर्ण लॉकवर, म्हणजे स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवून, जोर लावला असेल, तर त्या रेषा हलक्याशा पिळवटतात. पिळवटलेला शाफ्टही मुकाच, पुढच्या दणक्याची वाट पाहणारा. आमच्या रेषा सरळ होत्या.

आता बॉक्स. ज्याच्यावर सगळ्यांनी आळ घेतला होता तो.

टाय रॉडची टोकं नवी, ड्रॅग लिंकचं टोक नवं, किंग पिन नव्या, एवढं झाल्यावर उस्तादांनी बोटं ठेवली. खेळ दोन बोटांच्या जवळ आला होता, पण पूर्ण नाही. आता उरलेला खेळ बॉक्सचा. बॉक्सच्या बाजूच्या झाकणावर एक स्क्रू असतो, त्याच्यावर लॉक नट. स्क्रू आवळला की आतले दाते एकमेकांच्या जवळ येतात आणि खेळ जादूने नाहीसा होतो. पाच मिनिटांचं काम, पैसे जवळजवळ नाहीत, गिऱ्हाईक खूश. रस्त्याकडेच्या कुठल्याही मिस्त्रीला सांगा, करून देईल. उस्तादांनी अर्धा फेरा दिला, चाक एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत फिरवलं आणि स्क्रू परत होता तिथे नेऊन ठेवला.

कारण असं. या बॉक्सात स्टीअरिंगच्या दांड्याचं खालचं टोक म्हणजे एक जाड स्क्रू असतो, त्यावर एक नट चढते-उतरते, आणि दोघांच्या खाचांमधून पोलादी गोळ्या धावतात. गोळ्या एका टोकाने बाहेर पडतात आणि नळीतून फिरून दुसऱ्या टोकाने परत येतात, म्हणून घर्षण कमी. नटाचे दाते पुढे शाफ्टच्या दात्यांना फिरवतात. आता गाडीचं आयुष्य जातं सरळ रस्त्यावर. त्यामुळे सगळी झीज मधल्या जागेत होते, कडेचे दाते आणि कडेच्या खाचा जवळजवळ वापरल्याच जात नाहीत. मधला खेळ काढण्यासाठी स्क्रू आवळला तर मधे बरोबर होतं, पण वळणावर कडेचे न झिजलेले दाते घट्ट बसतात. वळण संपल्यावर स्टीअरिंग आपणहून सरळ यायला हवं, ते येत नाही, हाताने आणावं लागतं. दिवसा ड्रायव्हर आणतो. पहाटे साडेतीनला, सेंधव्याच्या पुढे, डोळ्यांवर झापड असताना आणेल याची खात्री कोण देणार?

आमचा रस्ता तसा आहे. राऊ सोडलं की मानपूर, मग माळव्याचं पठार संपून निमाडात उतार, गुजरी, धामनोद, खलघाटला नर्मदा, ठिकरी, जुलवानिया, सेंधवा, आणि बिजासनचा घाट उतरला की महाराष्ट्र. मानपूरच्या पुढच्या या उतारावरच्या गणपती घाटाने ब्रेक निकामी झालेल्या इतक्या गाड्या पाहिल्या की शेवटी तिथे नवा रस्ता काढावा लागला. उतारावर ब्रेक मारला की गाडीचा भार पुढच्या धुरीवर येतो. सपाट रस्त्यावर झाकून राहिलेला प्रत्येक ढिला सांधा तिथे उघडा पडतो. भगोरियातला तो तरुण ड्रायव्हर मानपूरच्या अलीकडेच मागे फिरला, हे त्याच्या शहाणपणाचंच.

तेव्हा बॉक्स खोलायचं ठरलं. काका म्हणाले तसं, खोललं की वाढतं. स्क्रूच्या खाचेकडे पाहिलं. दोन्ही टोकांना पोलाद आरशासारखं, कालच बनवल्यागत. मधे मात्र रंग करडा, आणि करड्या पट्ट्यात सुईच्या टोकाएवढे खड्डे. सील बदलता येतं, बेअरिंग बदलता येतं, थोड्या मोठ्या मापाच्या गोळ्याही घालता येतात. पण कडक केलेला वरचा थर एकदा असा उकरला गेला की त्यावर कुठलाच इलाज नाही. आत मऊ धातू असतो, त्यावर गोळी धावली की खड्डे वाढतच जातात. आणि नवा स्क्रू-नट, नवा शाफ्ट, बेअरिंग, सील असं सुटं घेत गेलं तर बेरीज पूर्ण बॉक्सच्या जवळ जाते, वर जुनं घर तसंच राहतं. बॉक्स नवा घेतला. बोलक्यातही एक वेळ अशी येते की त्याचं सांगून संपलेलं असतं. उस्तादांच्या नियमात मी घातलेली ही भर, त्यांना ती फारशी पटली नाही.

पॉवर स्टीअरिंगचा संच बसवावा असंही एकाने सुचवलं. पंप, पाइप, तेलाची टाकी, आणि पुन्हा ड्रायव्हरच्या हाताला कळणारं बरंच काही झाकलं जाणार. या गाडीला नको.

खरेदी इंदूरच्या छोट्या ग्वालटोलीत झाली. तिथे एकाच पार्टचे तीन भाव ऐकू येतात: कंपनीचा, लोकल, आणि "कंपनीसारखाच" म्हणून डब्यात घातलेला. हा तिसरा सगळ्यात वाईट. लोकलवाला निदान लोकल म्हणून विकतो. बुश लोकल घ्यायला माझी हरकत नाही, तो झिजेल तेव्हा सांगेल. ड्रॉप आर्म आणि टाय रॉडची टोकं मात्र अधिकृत विक्रेत्याच्या पक्क्या बिलावर घेतली. कबाड्याकडचा आर्म तिपटीने स्वस्त मिळत होता, वर काळा रंग दिलेला, चकचकीत. तो रंग कशावर दिलाय ते खडू लावल्याशिवाय कळणार नाही, आणि दुकानात कुणी खडू लावू देत नाही.

पैशांचं थोडं बोलायला हवं. दोन्ही किंग पिनांचं किट, लेथ आणि मजुरी मिळून खर्च पुढच्या एका नव्या टायरच्या आतच राहिला. ते टायर यापुढे सरळ झिजतील एवढ्यावरच तो वसूल. बॉक्सचं तसं नाही. तो गाडीच्या आजच्या किमतीत टोचण्याएवढा हिस्सा खातो, आणि गाडीला आता दरवर्षी फिटनेस करावं लागतं. आठ वर्षं उलटली की दोन वर्षांची मुदत एकाची होते. पंधरा वर्षांच्या गाडीवर असा खर्च करावा का, हा चुलत भावाचा प्रश्न उचित होता. मी त्याला एवढंच विचारलं की स्टीअरिंग धड नसलेली गाडी विकायची झाली, तर ती चालवत न्यायला येईल कोण आणि त्याला मी काय सांगू? शिवाय खर्च मी करतो आणि स्टीअरिंग दुसऱ्याच्या हातात असतं. बॉक्स "अजून एक सीझन" ओढायचा निर्णय घ्यायला मला सोपा गेला असता, कारण त्या सीझनमध्ये बिजासनला मी नसतो.

टाय रॉडची नळी जुनीच ठेवली. सरळ होती, आटे शाबूत होते. टोकं काढताना किती आटे बाहेर होते ते मोजून तेवढेच नव्यांचे ठेवले, म्हणजे अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी धड जाईल. बीम जुनी, नळी जुनी, स्टब अ‍ॅक्सल जुने. काकांच्या पक्षाला तीन, भावाच्या पक्षाला बॉक्स, आर्म आणि सांधे. दोघेही असमाधानी, म्हणजे साधारण बरोबर झालं असावं.

तडा गेलेला आर्म उस्तादांनी गॅस कटरने मधोमध कापला आणि मगच भंगारात टाकला. काकांनी विचारलं, अख्खा दिला असता तर कबाड्याने जास्त दिले असते ना? दिले असते, म्हणाले उस्ताद, आणि त्याला रंग देऊन पुन्हा विकला असता.

ड्रायव्हर नाराज आहे. स्टीअरिंग जड झालं, खांदे भरून येतात, म्हणतो. नव्या किंग पिना थोड्या चालल्यावर मोकळ्या होतील. खरी अडचण दुसरी आहे, त्याचे हात अजून सरळ रस्त्यावर डावं-उजवं करतात आणि आता गाडी त्या प्रत्येक हालचालीला उत्तर देते, म्हणून ती लेनमध्ये डोलते. आठवड्याभरात सुटेल ती सवय. धुळ्याची पहिली खेप झाली की सगळे नट पुन्हा आवळायला आणि कॉटर तपासायला गाडी उस्तादांकडे जायची आहे. किंग पिनला ग्रीस मारताना पुढची चाकं उचलायला ड्रायव्हरला सांगितलंय. चाकं जमिनीवर असली की भाराच्या बाजूला फट राहत नाही आणि ग्रीस नको तिकडून बाहेर येतं. तो हो म्हणाला, पण जॅक काढायचा कंटाळा त्याला पहिल्यापासूनचा. पहिले काही वेळा मीच लावून देणार आहे.